औषध देणारे हात
शाळेत व घरी मुलांस औषधे सुरक्षितपणे देण्याविषयी

औषध हे मुळात हितकारक असले, तरी ते हितकारक ठरावयाचे की अपायकारक, हे पुष्कळ अंशी ते देणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. डॉक्टर औषध लिहून देतो, औषधनिर्माता ते तयार करतो, आरोग्य केंद्र ते गावापर्यंत पोहोचविते. परंतु अखेरची कृती, म्हणजे ते मुलाच्या मुखात घालण्याची कृती, बहुधा यांपैकी कोणाच्याच हातून होत नाही. ती घरात आईच्या वा आजीच्या हातून, अंगणवाडीत सेविकेच्या हातून आणि शाळेत शिक्षकाच्या हातून होते. या शेवटच्या पावलावर चूक झाली, तर मागील सर्वांचे श्रम वाया जातात. क्वचित मुलाच्या जिवावरही बेतते. म्हणून औषध देणाऱ्या व्यक्तीस काही थोड्या गोष्टींचे निश्चित शिक्षण मिळणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या शिक्षणाचे स्वरूप प्राथमिक शिक्षकांच्या दृष्टीने सांगितले आहे.

सामान्य माणसाच्या हातून होणारे मोठे कार्य

औषधोपचार हे केवळ वैद्यकाचे काम असून इतरांनी त्यात हात घालू नये, अशी एक समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. रोगाचे निदान करणे व औषध ठरविणे हे निःसंशय वैद्यकाचे काम होय; परंतु ठरलेले औषध ठरलेल्या रीतीने देणे हे काम सामान्य माणूस शिकविल्यास उत्तम प्रकारे करू शकतो. याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

1971 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस हे काम करीत होते. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले आणि ते देऊ शकणारे प्रशिक्षित लोकही थोडे होते. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण ठराविक प्रमाणात पाण्यात विरघळवून रुग्णांस पाजण्याचा मार्ग अवलंबिला. हे पाणी पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांवरच सोपविण्यात आले. किती पाजावे, केव्हा पाजावे हे त्यांस दाखवून देण्यात आले. तेथील मृत्यूचे प्रमाण आरंभी शेकडा 30 च्या आसपास होते. ते शेकडा 4 च्याही खाली आले. आज घरोघरी माहीत असलेल्या जलसंजीवनीच्या प्रसारास या अनुभवाने मोठे बळ मिळाले.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 39 खेड्यांत, गावातील अल्पशिक्षित स्त्रियांस नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. जंतुदोष झालेल्या बालकाची लक्षणे ओळखणे, वजन करणे, आणि ठरवून दिलेली प्रतिजैविक औषधे, इंजेक्शनसुद्धा, ठरलेल्या मात्रेत देणे ही कामे या स्त्रिया करू लागल्या. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे शेकडा 62 ने घटले.

या दोन्ही ठिकाणी यश आले ते औषध देणाऱ्याच्या मोठ्या पदवीमुळे नव्हे. काम नेमके ठरवून दिलेले होते, ते हाताने करवून घेऊन शिकविले होते, त्याची नोंद ठेवली जात होती आणि आपली मर्यादा कोठे संपते हे प्रत्येकास ठाऊक होते. हीच चार तत्त्वे शाळेसही लागू पडतात.

शाळेत येणारी औषधे

खेड्यातील प्राथमिक शाळेत शासनाच्या आरोग्य विभागाकडून मुख्यत्वे दोन प्रकारच्या गोळ्या येतात.

पहिली जंतनाशक गोळी. तिचे नाव अल्बेंडाझोल असून एका गोळीत 400 मिलिग्रॅम औषध असते. 2015 सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व त्या दिवशी 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांस ही गोळी देण्यात येते. 1 ते 2 वर्षांच्या बालकास अर्धी गोळी, तीही पूर्ण चुरा करून पाण्यात मिसळून द्यावयाची असते. 2 ते 3 वर्षांच्या बालकास पूर्ण गोळी, पण चुरा करूनच. आणि 3 वर्षांवरील मुलास पूर्ण गोळी चावून खावयास लावावयाची असते. एक वर्षाखालील बालकास ही गोळी द्यावयाची नसते. आतड्यातील जंत, विशेषतः अंकुशकृमी, मुलाचे रक्त शोषतात. त्यामुळे पांडुरोग, अशक्तपणा व अभ्यासातील मंदपणा उद्भवतो. गोळीने आतड्यात असलेले जंत मरतात, परंतु पुढील लागण टळत नाही. म्हणूनच गोळी ठराविक कालाने पुन्हा द्यावी लागते, आणि हात धुणे, पायांत वहाणा घालणे व शौचालयाचा वापर या सवयी तिच्या जोडीला असाव्या लागतात.

दुसरी गोळी लोह व फॉलिक ॲसिड यांची. ती आठवड्यातून एकदा द्यावयाची असते. 2018 साली सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत या कार्यक्रमानुसार 5 ते 9 वर्षे वयाच्या मुलांसाठी गुलाबी गोळी असून तीत 45 मिलिग्रॅम लोह व 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. 10 ते 19 वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी निळी गोळी असून तीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रंग हे शोभेसाठी नसून मात्रेची चूक टाळण्यासाठी आहेत. तथापि एकट्या रंगावर कधीही विसंबू नये. पट्टीवरील नाव वाचूनच गोळी काढावी.

या गोळ्यांची गरज किती आहे, हे 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून कळून येते. तीनुसार भारतातील 15 ते 19 वर्षे वयाच्या मुलींपैकी शेकडा 59 मुलींत रक्तक्षय आढळला. वर्गातील मुलगी फळ्याकडे पाहता पाहता पेंगते, धावताना तिला दम लागतो, याचे कारण पुष्कळदा आळसात नसून रक्तात असते.

देण्यापूर्वी पाच गोष्टींची पडताळणी

औषध देणाऱ्याने प्रत्येक वेळी, मूल कितीही परिचयाचे असले तरी, पाच गोष्टी पडताळून पाहाव्या.

पहिली गोष्ट, मूल योग्य आहे काय? एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असणे ही नित्याची बाब आहे. केवळ नाव पुकारून, जी पुढे येईल तिला औषध देणे धोक्याचे. मुलाकडून पूर्ण नाव वदवून घ्यावे व ते हजेरीपटाशी ताडून पाहावे.

दुसरी गोष्ट, औषध योग्य आहे काय? पट्टीवरील वा बाटलीवरील नाव तीन वेळा वाचावे: कपाटातून काढताना, हातात गोळी घेताना आणि उरलेले औषध परत ठेवताना. ज्या पट्टीवरील अक्षरे पुसली गेली आहेत, ती वापरू नये.

तिसरी गोष्ट, मात्रा योग्य आहे काय? मागील आठवड्यात गैरहजर असलेल्या मुलास या आठवड्यात दोन गोळ्या देण्याचा मोह होतो. तसे करू नये. चुकलेली मात्रा दुप्पट करून भरून काढता येत नाही.

चौथी गोष्ट, वेळ योग्य आहे काय? लोहाची गोळी उपाशीपोटी दिल्यास मळमळ होते. म्हणून ती दुपारच्या पोषण आहारानंतर द्यावी. चहा व दूध यांमुळे लोहाचे शोषण कमी होते. लिंबू व आवळा यांमुळे ते वाढते.

पाचवी गोष्ट, रीत योग्य आहे काय? येथे एक फरक विशेष ध्यानात ठेवावयास हवा. जंतनाशक गोळी चावून खावयाची असते, तर लोहाची गोळी न चावता पाण्याबरोबर गिळावयाची असते. दोहोंची अदलाबदल केल्यास एकीच्या बाबतीत गोळी घशात अडकण्याची भीती आणि दुसरीच्या बाबतीत तोंड कडवट होऊन मूल पुढील वेळी गोळी नाकारण्याचा संभव असतो.

या पाचांच्या शेवटी नोंद येते. गोळी मुलाच्या पोटात गेल्यावर लगेच नोंद करावी. आधी करू नये आणि सायंकाळी आठवून तर मुळीच करू नये. आधी केलेल्या नोंदीमुळे न घेतलेली गोळी घेतल्यासारखी दिसते, व विसरलेल्या नोंदीमुळे घेतलेली गोळी पुन्हा दिली जाते.

प्रत्यक्ष देण्याची रीत

शिक्षकाने प्रथम आपले हात साबणाने धुवावे. पिण्याचे स्वच्छ पाणी व धुतलेले पेले जवळ ठेवावे. मुलांस ओळीने, शांतपणे बसवावे. गोळी मुलाच्या हातात देऊन पुढे जाऊ नये. ती समक्ष खावयास लावावी. घरी जाऊन खाण्यासाठी गोळी दिली असता ती वाटेत पडते, धाकट्या भावंडाच्या हाती लागते, अथवा खिशात साठत राहते. यास्तव गोळी घरी देऊ नये.

मूल रडत असता, धावत असता किंवा आडवे पडले असता गोळी देऊ नये. नाक दाबून वा जबरदस्तीने तोंड उघडून तर कधीच देऊ नये. गोळी श्वासनलिकेत जाऊन मूल गुदमरण्याचे हेच मुख्य कारण होय. जे मूल घेण्यास तयार नसेल, त्यास त्या दिवशी सोडून द्यावे व पालकांशी बोलावे. जंतनाशक दिनास चुकलेल्या मुलांसाठी पुढे आणखी एक दिवस ठेवलेला असतो, तो याचसाठी.

गोळीस “खाऊ” किंवा “चॉकलेट” म्हणण्याची रीत सर्वथा टाकून द्यावी. त्या क्षणी मूल फसते खरे. परंतु त्याच मुलास दुसऱ्या दिवशी घरी औषधाची पट्टी सापडली, तर ते तिलाही खाऊच समजेल. औषधास औषधच म्हणावे, आणि ते मोठ्या माणसाच्या हातूनच घ्यावयाचे असते हे मुलांच्या मनावर ठसवावे.

कोणास देऊ नये

ज्या मुलास त्या दिवशी ताप, जुलाब, वांती किंवा अन्य तीव्र आजार असेल, त्यास गोळी देऊ नये; ते बरे झाल्यावर द्यावी. ज्या मुलास अन्य आजारासाठी औषध चालू असेल, त्याच्याविषयी आरोग्य सेविकेस आधी विचारावे. थॅलेसेमिया असलेल्या किंवा वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या मुलास लोहाची गोळी देऊ नये, कारण त्याच्या शरीरात लोह आधीच अधिक साठलेले असते. विदर्भातील व खानदेशातील आदिवासी भागांत सिकलसेल हा आजार आढळतो. अशा मुलांच्या बाबतीत प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊनच गोळी द्यावी. तीव्र कुपोषित बालकांविषयीही हेच लागू आहे.

याकरिता गोळीवाटपापूर्वी एक-दोन दिवस आधी पालकांस सूचना द्यावी आणि वर्गाच्या हजेरीपटास जोडून अशा मुलांची यादी ठेवावी. ही यादी शिक्षकापुरती राखावी. मुलाचा आजार वर्गात मोठ्याने वाचून दाखविणे शिक्षकास शोभत नाही.

साठवण आणि एक गंभीर धोका

औषधे कोरड्या, थंड व उन्हापासून दूर अशा जागी, कुलूपबंद कपाटात आणि मुलांच्या हातास न लागतील इतक्या उंचीवर ठेवावी. त्याच कपाटात फिनेल, ब्लीचिंग पावडर वा उंदरांचे औषध ठेवू नये. मुदत आधी संपणारी पेटी पुढे व नंतर संपणारी मागे ठेवावी. पट्टीवर मुदतीचा महिना व वर्ष छापलेले असते. त्या महिन्याच्या अखेरपर्यंत औषध वापरता येते. गोळ्या कापताना मुदत छापलेल्या बाजूने कापू नये, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत मुदत वाचता येते. रंग बदललेली, भुगा झालेली वा ओल लागलेली गोळी मुदतीत असली तरी देऊ नये. उरलेल्या व मुदतबाह्य गोळ्या शाळेमागील उकिरड्यावर न टाकता मोजून आरोग्य सेविकेच्या स्वाधीन कराव्या.

कुलपाचा एवढा आग्रह का, हे समजून घेणे अवश्य आहे. लोहाची गोळी ठरलेल्या मात्रेत जितकी गुणकारी, तितकीच लहान बालकाने एकदम अनेक खाल्ल्यास घातक असते. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास 20 मिलिग्रॅमहून अधिक लोह पोटात गेल्यास विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, व 60 मिलिग्रॅमहून अधिक गेल्यास जिवास धोका संभवतो. याचा हिशेब कोणत्याही शिक्षकास सहज करता येईल. 10 किलोग्रॅम वजनाच्या, म्हणजे सुमारे एक-दीड वर्षाच्या बालकाने चार निळ्या गोळ्या खाल्ल्या, तर 240 मिलिग्रॅम लोह पोटात जाते. ही मात्रा बाधेच्या मर्यादेपलीकडची आहे. दहाहून अधिक गोळ्या खाल्ल्या, तर 600 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. दहा गोळ्या म्हणजे अनेकदा एकच पट्टी. अमेरिकेत लहान मुलांच्या अशा विषबाधा व मृत्यू वारंवार घडू लागल्यामुळे 1997 साली तेथील शासनाने लोहाच्या गोळ्यांवर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे केले.

या विषबाधेचे एक फसवे लक्षण आहे. प्रथम काही तासांत मुलास वांत्या व जुलाब होतात, पोट दुखते. त्यानंतर मूल बरे झाल्यासारखे दिसते, खेळूही लागते. घरची माणसे निश्चिंत होतात. परंतु पुढे एक-दोन दिवसांत रक्तदाब खाली जाणे, यकृतास इजा होणे असे भयंकर प्रकार उद्भवू शकतात. म्हणून मुलाने लोहाच्या पुष्कळ गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी मूल वरवर ठीक दिसत असतानाही त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि रिकामी पट्टी बरोबर न्यावी. घरी मीठपाणी पाजून वांती करविण्याचा प्रयत्न करू नये.

गर्भवती स्त्रीस लोहाच्या गोळ्या घरी दिल्या जातात, व त्याच घरात बहुधा एखादे रांगते मूलही असते. फळीवर, उशाखाली किंवा पिशवीत ठेवलेली ती पट्टी त्या मुलाच्या आवाक्यात येते. ही एकच गोष्ट शिक्षकाने पालकसभेत नीट समजावून सांगितली, तरी गावातील एखादे मूल वाचू शकेल.

गोळी दिल्यावर काही घडल्यास

जंतनाशक गोळीनंतर काही मुलांस, विशेषतः ज्यांच्या पोटात जंत अधिक असतात त्यांस, मळमळ, पोटदुखी, वांती वा थकवा जाणवतो. हे परिणाम बहुधा सौम्य असून लवकर नाहीसे होतात. अशा मुलास सावलीत, मोकळ्या हवेत निजवावे, स्वच्छ पाणी वा जलसंजीवनी पाजावी आणि किमान दोन तास शिक्षकाच्या नजरेखाली ठेवावे. लोहाच्या गोळीने शौचास काळसर होते; त्यात भिण्यासारखे काही नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

एक मूल वांती करू लागले की ते पाहून दुसरी मुलेही घाबरतात व त्यांनाही मळमळू लागते. बघता बघता गावात वार्ता पसरते, पालक शाळेत धाव घेतात, आणि पुढील वेळी निम्मी मुले त्या दिवशी शाळेतच येत नाहीत. हे टाळण्याचा उपाय म्हणजे त्रास होणाऱ्या मुलास हलकेच बाजूस नेणे, वर्ग चालू ठेवणे, आणि काय घडू शकेल याची कल्पना पालकांस अगोदरच देऊन ठेवणे. आधी सांगितलेली गोष्ट घडली, तर विश्वास वाढतो. न सांगितलेली घडली, तर तो मोडतो.

गोळी घशात अडकून मुलास खोकता वा बोलता येईनासे झाले, तर त्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा माराव्या. तेवढ्याने न सुटल्यास मागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवावी व पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाब द्यावा. अडकलेली वस्तू सुटेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. मूल बेशुद्ध पडणे, श्वासास त्रास होणे, अंगावर एकदम गांधी उठून तोंड सुजणे, वांत्या न थांबणे यांपैकी काहीही दिसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व आरोग्य केंद्रास कळवावे. ज्या दिवशी गोळ्या द्यावयाच्या, त्या दिवशी आरोग्य सेविकेचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

ज्यांस नित्य औषध लागते अशी मुले

फेफरे, दमा इत्यादी आजारांच्या मुलांस शाळेच्या वेळेत औषध घ्यावे लागते. ते शिक्षकाकडे ठेवावयाचे झाल्यास पालकांचे लेखी पत्र व डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. औषध मूळ वेष्टनात असावे. पुडीत बांधून आणलेल्या सुट्या गोळ्या स्वीकारू नयेत. फेफरे आलेल्या मुलाच्या तोंडात चमचा, पाणी, औषध, कांदा यांपैकी काहीही घालू नये. त्यास कुशीवर वळवून डोक्याखाली मऊ कापड ठेवावे व वेळ मोजावी. झटके पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णवाहिका बोलवावी.

आणि जी औषधे शाळेकडे सोपविलेली नाहीत, ती शिक्षकाने मायेपोटीही देऊ नयेत. आपल्या खिशातील डोकेदुखीची गोळी मुलास देणे यात हेतू चांगला असला, तरी ॲस्पिरिन हे मोठ्यांचे नित्याचे औषध मुलांस तापात दिल्यास क्वचित मेंदू व यकृत यांचा प्राणघातक विकार उद्भवतो.

पालकांस काय शिकवावे

घरात सर्वांत अधिक चुका मोजमापात होतात. स्वयंपाकघरातील चमचे सारखे नसतात. एकात जेमतेम 3 मिलिलिटर, तर दुसऱ्यात 7 मिलिलिटरही मावते. म्हणून पातळ औषध बाटलीबरोबर आलेल्या मापानेच द्यावे. पॅरासिटामॉल या तापाच्या औषधाच्या काही बाटल्यांत 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम औषध असते, तर काहींत 250 मिलिग्रॅम. बाटली बदलली व चमचा तोच राहिला, तर मात्रा आपोआप दुपटीहून अधिक होते. थोरल्या मुलाचे उरलेले औषध धाकट्यास देऊ नये, याचे कारण हेच.

जलसंजीवनीचे मोठे पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट 200 मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालविल्यास द्रावण अति खारट होऊन मुलास अपाय होतो. थोडे थोडे काढून वापरल्यास प्रमाण बिघडते. पाकिटावरील आकडा वाचून संपूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात विरघळवावे व 24 तासांनंतर उरलेले फेकून द्यावे.

शिक्षण कसे द्यावे

ही सर्व माहिती व्याख्यानाने सांगून भागत नाही. पोहणे जसे काठावरून शिकता येत नाही, तसेच हेही. मुख्याध्यापकांनी आरोग्य सेविकेच्या साहाय्याने एक तासाचा पाठ घ्यावा. त्यात शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोषण आहार शिजविणाऱ्या स्त्रिया व काही पालक असावे. प्रथम कृती करून दाखवावी, मग त्यांच्याकडून करवून घ्यावी, आणि शेवटी त्यांनीच ती दुसऱ्यास शिकवावी. ज्यास दुसऱ्यास सांगता येते, त्यास ते समजले असे मानावे.

सरावासाठी गोळ्यांऐवजी चिंचोके घ्यावे. गोड पदार्थ घेऊ नयेत. रिकाम्या पट्ट्या व बाटल्या मांडून नाव, मात्रा व मुदत वाचावयास लावावी. सर्वांनी आपल्या घरचा चमचा आणावा व त्यात किती पाणी मावते, ते मापाने मोजून पाहावे. हा एक प्रयोग दहा व्याख्यानांचे काम करतो. ज्यांस वाचता येत नाही, अशा मातांस सूर्य व चंद्र काढून सकाळची व रात्रीची मात्रा दाखवावी. चौथी-पाचवीच्या मुलांस पट्टीवरील मुदत वाचावयास शिकवावी. घरी मोठी माणसे जे वाचत नाहीत, ते ही मुले वाचून दाखवितील.

शेवटी चूक झाल्यास काय करावे, हेही याच पाठात सांगावे. चुकीच्या मुलास वा अधिक मात्रेत औषध दिले गेल्यास ती गोष्ट झाकू नये. त्वरित आरोग्य केंद्रास व पालकांस कळवावी. लवकर कळलेल्या चुकीवर बहुधा उपाय असतो. मुख्याध्यापकांनीही चूक कळविणाऱ्यास दोष न देता ती पुन्हा कशी टळेल याचा विचार करावा. कारण जेथे कळविणाऱ्यास शिक्षा होते, तेथे चुका थांबत नाहीत, केवळ दिसेनाशा होतात.

गावातील पालक आपले मूल शिक्षकाच्या स्वाधीन करतात, ते केवळ अक्षरे गिरविण्यासाठी नव्हे. गोळी देण्याचा तो अर्धा मिनिट हा त्याच विश्वासाचा भाग आहे. नाव विचारणे, पट्टी वाचणे, गोळी समक्ष घ्यावयास लावणे, नोंद करणे व कपाटास कुलूप लावणे या कृती क्षुल्लक दिसतात. परंतु त्या प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलासाठी, न कंटाळता केल्या तरच औषध औषध राहते.